‘नवऱ्याने वाजवू दिलं नाही, म्हणूनच लिहिलं ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा जुनाच आहे. एमी बीच या अमेरिकन संगीतकार बाईची एखादी रचना वाजवली, किंवा नुसती ऐकवून तिच्याबद्दल चार शब्द बोलले, की नंतर चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी जवळ येतंच. "नवऱ्याने मैफली बंद केल्या म्हणूनच ती लिहायला लागली ना? मग एका परीने बरंच झालं म्हणायचं." विचारणारी मंडळी भली असतात, आणि त्यात पुरुषांइतक्याच बायकाही असतात. मी "तसं नाही हो" म्हणून हसते आणि बिस्किटांची बशी पुढे करते. उभ्या उभ्या देता येण्यासारखं उत्तर नाही ते.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एमी मार्सी चेनी, जन्म ५ सप्टेंबर १८६७, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधलं हेनिकर नावाचं छोटं गाव. मृत्यू १९४४ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये. मधल्या आयुष्यात तीनशेच्या आसपास रचना: शंभरावर गाणी, एक मास (चर्चच्या प्रार्थनेची मोठी गायनरचना), एक सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना), एक पियानो कॉन्चर्टो (एकट्या पियानोसाठी, ऑर्केस्ट्राच्या साथीने), चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठीचं), म्हातारपणी एक छोटा ऑपेरासुद्धा. सिंफनी लिहिली, ती मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवली आणि छापूनही आली, अशी ती पहिली अमेरिकन बाई. जुन्या छापील प्रतींवर मात्र ‘एमी’ शोधूनही सापडत नाही. तिथे असतं ‘मिसेस एच. एच. ए. बीच’, आणि ती तिन्ही आद्याक्षरं नवऱ्याची, हेन्री हॅरिस ऑब्री. ‘सौ. व श्री.’च्या पत्रिका वाटत आलेल्या आपल्याला त्याचं फार नवल वाटायला नको. माझ्या एका छोट्या विद्यार्थ्याला ‘बीच’ वाचून गोवा आठवला आणि त्या दिवशीचा तास तिथेच बुडाला.

बरं, बंदीची गोष्ट. ती नवऱ्यापासून सुरू होत नाही, आईपासून होते. आई क्लारा स्वतः गाणारी आणि पियानो वाजवणारी. मूल वर्षाचं झालं तेव्हा त्याला चाळीस चाली येत होत्या. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत आई गायला लागली की हे पोर तिच्या सुरावर दुसरी ओळ बांधून गायचं. अशा मुलीचं डोकं फिरू नये, तिचा तमाशा होऊ नये, म्हणून आईने तिला पियानोपासून लांब ठेवलं. चार वर्षांची होईपर्यंत हात लावायची सोय नाही. त्याच वयातला एक उन्हाळा तिने आजोबांच्या शेतावर काढला. तिथे पियानोच नव्हता. तिने मनातल्या मनात वॉल्ट्झ रचले आणि घरी परतल्यावर बसून वाजवून दाखवले.

माझं निम्मं उत्तर इथेच आहे. लिहिणं लग्नाच्या चौदा वर्षं आधी सुरू झालं होतं.

पुढे जाणकारांनी सल्ला दिला की पोरीला युरोपात पाठवा. त्या काळी अमेरिकेत संगीत शिकायचं म्हणजे जर्मनी गाठायची, हा शिरस्ताच होता. बॉस्टनचे तिचे समकालीन पाहा: जॉर्ज चॅडविक लायपझिगला जाऊन आला, होरेशिओ पार्कर म्युनिकला. एमीला घरच्यांनी बॉस्टनातच ठेवलं. पियानोसाठी अर्न्स्ट पेराबो आणि नंतर विख्यात पियानोवादक फ्रान्झ लिस्टचा शिष्य कार्ल बेअरमान, म्हणजे त्यात काही कमी नव्हतं. पण हार्मनी आणि काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर आणि अनेक ओळी कशा जुळवायच्या, ज्याच्यावर संगीतकाराचं सगळं घर उभं असतं, ते जेमतेम एक वर्ष, ज्युनियस हिल यांच्याकडे. रचनेचं तिचं सगळं रीतसर शिक्षण एवढंच. १८८३ मध्ये सोळाव्या वर्षी तिने मोशेलेसचा कॉन्चर्टो वाजवून बॉस्टनच्या रंगमंचावर पाऊल ठेवलं. १८८५ च्या मार्चमध्ये बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर शोपँचा एफ मायनर कॉन्चर्टो. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लग्न. ती अठराची. डॉ. बीच तिच्याहून २४ वर्षांनी मोठे, विधुर, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले नावाजलेले सर्जन. हौशी गायक, कविताही करत. अटी अशा ठरल्या: वर्षाला एक-दोन जाहीर कार्यक्रम, त्यापेक्षा जास्त नाही, आणि त्याचे पैसे धर्मादायाला. पियानोच्या शिकवण्या करायच्या नाहीत. वेळ द्यायचा तो रचनेला. मात्र रचना शिकायलाही कुणा गुरूकडे जायचं नाही.

ही शेवटची अट चहाच्या कपावर कुणाला ठाऊक नसते. सगळ्यांना मैफली तेवढ्या आठवतात.

इथे कुणीतरी गोपाळराव जोश्यांचं नाव काढतं. काढणारच, एमीचं लग्न झालं त्या डिसेंबरात आनंदीबाई फिलाडेल्फियात शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होत्या, पुढच्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. दोन्हीकडे वयाने बराच मोठा नवरा, दोन्हीकडे बायको काय होणार हे त्याने ठरवलेलं. पण साम्य तिथेच संपतं. गोपाळरावांनी बायकोला शिक म्हणून अक्षरशः पिच्छा पुरवला, समुद्रापार धाडलं. बॉस्टनच्या डॉक्टरांना बायकोने घरबसल्या, कुणी न शिकवता मोठं व्हायला हवं होतं. शिकवण्यांची बंदी तर उघडच प्रतिष्ठेची होती. सर्जनच्या बायकोने चार पैशांसाठी लोकांच्या पोरींना स्केल्स घोकवायच्या? गावात काय म्हणतील?

मग ती शिकली कशी? स्वतःच. ही माझी आवडती जागा आहे, तेव्हा जरा रेंगाळते. तिने मिळतील ती पुस्तकं जमवली. ऑर्केस्ट्रासाठी कसं लिहावं यावरचे बर्लिओझ आणि खेव्हार्टचे फ्रेंच ग्रंथ तिने स्वतः इंग्रजीत उतरवून काढले, आपल्या वापरासाठी. बाखचे फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक येते अशा रचना) घेतले आणि आठवणीतून लिहिले, एकेका आवाजाची ओळ वेगळी. बॉस्टन सिंफनीच्या कार्यक्रमाला जायची, ऐकलेला भाग घरी येऊन ऑर्केस्ट्रासकट कागदावर मांडायची आणि मग छापील स्कोअर उघडून ताडून बघायची: इथे मला क्लॅरिनेट ऐकू आलं, तर तिथे प्रत्यक्षात काय आहे? मी विद्यार्थ्यांना आठ मापांचं डिक्टेशन देते तेव्हा पोरं "मिस, अजून एकदा" म्हणून जीव खातात. ही बाई सिंफनीचे भागच्या भाग पाठ करून लिहीत होती. वर्षानुवर्षं. कौतुक वाटतंच, पण रागही येतो. चॅडविकला जे एखादा लायपझिगचा मास्तर तासाभरात दाखवत असेल, ते हिला खणून काढावं लागलं.

पहिलं मोठं फळ म्हणजे ई फ्लॅट मेजरमधला मास. फेब्रुवारी १८९२ मध्ये बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने तो गायला. त्या जुन्या संस्थेने बाईची रचना घ्यायची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात महिला भवनाच्या उद्घाटनासाठी ‘फेस्टिव्हल जुबिलाटे’. त्याच प्रदर्शनात मॉड पॉवेल या व्हायोलिनवादिकेबरोबर तिने आपला ‘रोमान्स’ वाजवला आणि लोकांनी पुन्हा वाजवायला लावला.

याच सुमारास चेक संगीतकार द्वोर्झाक अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या कॉन्झर्व्हेटरीचा प्रमुख म्हणून. १८९२ च्या अखेरीस बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात त्याचं मत छापून आलं: इथे बायका वाजवतात, छान आहे, पण त्यांच्याकडून फारशी मदत होईलसं वाटत नाही, त्यांच्यात निर्मितीची शक्ती नसते. काही दिवसांतच दुसऱ्या एका वर्तमानपत्रात एमीचं उत्तर आलं. भावनांचा कढ नाही, त्रागा नाही. १६७५ पासून पुढे बायकांनी काय काय लिहिलं आहे, किती ऑपेरा, किती कॅन्टाटा, याची आकडेवारी. मला हे उत्तर फार आवडतं. वादात यादी काढून पुढ्यात ठेवणारी बाई आपल्याही घरात एखादी असतेच.

मग द्वोर्झाक म्हणाला की अमेरिकन संगीताचं भविष्य काळ्या लोकांच्या चालींत आहे. एमीचं म्हणणं: आम्हा उत्तरेकडच्या लोकांच्या कानावर इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश गाणी आहेत, आम्ही तिथूनच घेणार. त्याची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी बॉस्टनला आली तेव्हा तिने ऐकली आणि आपल्या वहीत टिपून ठेवलं की यात त्या लोकांच्या आयुष्याची शांत, उन्हातली बाजू तेवढी दिसते. गुलामगिरीचं, मोडलेल्या काळजांचं दुःख यात नाही. टीका बोचरी आहे आणि माझ्या मते पुरती चूकही नाही. आयरिश चाली निवडण्यात तिच्या वर्गाचा, वर्णाचा पीळ नव्हताच असंही मी म्हणणार नाही. तो होता.

पण त्यातून आली ती ‘गेलिक’, म्हणजे आयरिश-स्कॉटिश वळणाची, सिंफनी, ई मायनर, द्वोर्झाकचीच पट्टी. ३० ऑक्टोबर १८९६ रोजी कंडक्टर एमिल पाउर यांनी बॉस्टन सिंफनीकडून वाजवून घेतली. तिचा दुसरा भाग नीट ऐका. ओबो, म्हणजे सनईसारखं एक फुंकवाद्य, एक आयरिश चाल गातो, झुलत्या लयीत, पाळण्यावर हात ठेवल्यासारखी. ती संपते न संपते तोच तीच चाल व्हायोलिनांकडे जाते, बारीक पळत्या स्वरांत मोडून, इतकी की क्षणभर ओळखू येत नाही. मग पुन्हा झुला. एकाच चालीतून संथही काढायचं आणि द्रुतही, नवीन काही न आणता. बंदिश तीच ठेवून लय बदलल्यावर काय काय होतं हे ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

कार्यक्रमाला चॅडविक आणि पार्कर दोघेही होते. नंतर चॅडविकने तिला पत्र लिहिलं: आमच्यातल्या कुणाची नवी चांगली रचना ऐकली की मला अभिमान वाटतो, आणि तुम्हाला आवडो न आवडो, तुम्हीही आता आमच्यातल्याच, पोरांमधल्या एक. लोक हे पत्र मोठ्या प्रेमाने उद्धृत करतात. प्रेमळ आहेच ते. तरी त्यात एक गंमत आहे: बाई चांगलं लिहायला लागली की तिला बढती मिळते ती पुरुष म्हणून.

याच बॉस्टनात, याच १८६७ साली जन्मलेली मार्गारेट रुथव्हेन लँगही होती. तिची ओव्हर्चर (ऑर्केस्ट्रासाठीची एका भागाची रचना) बॉस्टन सिंफनीने १८९३ मध्येच वाजवली होती, एमीच्याही आधी. तिने लग्न केलं नाही, तिच्यावर नवऱ्याच्या अटी नव्हत्या. म्युनिकला जाऊन शिकून आली होती. पुढे तिने लिहिणं थांबवलं, ऑर्केस्ट्रासाठी केलेल्या रचना नष्ट केल्या आणि १९७२ पर्यंत जगली. म्हणून ‘बंदी नसती तर’चं गणित मी सरळ मांडत नाही.

आता डॉक्टरांच्या बाजूने जे बोलायचं ते बोलते. एमीने पुढे सांगितलं आहे की आपण मुळात पियानोवादकच आहोत असं तिला वाटायचं. तू संगीतकार आहेस हे नवरा म्हणायचा आणि तिचा त्यावर विश्वास बसत नसे. कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर २८ क्रमांकाचं घर, हाताखाली माणसं, पैशाची ददात नाही. मूलबाळ झालं नाही. नवीन काही लिहिलं की नवरा आणि आई दोघंही बसून ऐकायचे आणि मतं द्यायचे. आर्थर श्मिट नावाचा प्रकाशक मिळाला, जो बायकांच्या रचना छापायला कचरत नव्हता. ‘एक्स्टसी’ नावाचं तिचं गाणं इतकं खपलं की त्या पैशांतून नवराबायकोंनी केप कॉडला जमीन घेतली. मास, सिंफनी, कॉन्चर्टो, क्विंटेट (पाच वादकांसाठीची रचना), तिचं मोठ्या बांध्याचं जवळपास सगळं काम या पंचवीस वर्षांतलं आहे. हे नाकारून चालणार नाही.

पण हे सगळं बंदीने दिलं का? डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या. एक, बायकोला निवांतपणा, घर आणि विश्वास दिला. दोन, तिच्या वाजवण्यावर आणि शिकण्यावर कुलूप घातलं. पहिलीचं श्रेय आपण दुसरीच्या नावावर जमा करतो, आणि ते मला पटत नाही. चॅडविक शिकवत होता, ऑर्केस्ट्रा चालवत होता, १८९७ पासून न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचा कारभार बघत होता आणि लिहीतही होता. त्याला घरात कोंडून ठेवलं असतं तर आणखी चार सिंफन्या झाल्या असत्या, असं आजवर मला कुणी चहाच्या कपावर म्हटलेलं नाही.

आणि कुलूप किती बोचत होतं हे ती बोलली नसली, तरी तिचा कॉन्चर्टो बोलतो. सी शार्प मायनर, एप्रिल १९०० मध्ये बॉस्टन सिंफनीबरोबर पियानोवर ती स्वतः. यातल्या तीन भागांत तिने आपल्याच गाण्यांच्या चाली पेरल्या आहेत. त्यांतल्या दोन गाण्यांचे शब्द नवऱ्याचे, आणि त्यातलं एक आईला अर्पण केलेलं. दुसरा भाग म्हणजे हेच नवऱ्याच्या शब्दांचं, आईला दिलेलं गाणं. चाल ऑर्केस्ट्रा गातो. पियानो ती गात नाही. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता बारीक स्वरांची सरबत्ती करत राहतो, श्वास घ्यायलाही जागा नाही. तिची चरित्रकार एड्रियन फ्रीड ब्लॉक या कॉन्चर्टोत पियानो आणि ऑर्केस्ट्राचं भांडण म्हणजे घरातलंच भांडण ऐकते. मी असल्या अर्थांना सहसा भीत असते, पण हा भाग बोटांनी वाजवून पाहिल्यावर मलाही तसंच वाटतं. घरचे आपलं गाणं गातायत आणि ही मधून मधून नव्हे, सलग, हात चालवतेय.

१९१० मध्ये डॉक्टर गेले, १९११ च्या सुरुवातीला आई. त्या सप्टेंबरात ती युरोपला निघाली, वय ४४. जिथे पंधराव्या वर्षी जायचं होतं तिथे. सुरुवातीचा काळ विश्रांतीत गेला, मग लायपझिग, हॅम्बुर्ग, बर्लिनमध्ये स्वतःचा कॉन्चर्टो, स्वतःची गाणी घेऊन रंगमंचावर. जर्मन समीक्षकांनी चांगलं लिहिलं. १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर ती परतली. पुढे तिने वर्षाची सरळ वाटणीच करून टाकली: हिवाळ्यात दौरे, उन्हाळ्यात लेखन. म्हणजे वाजवणं आणि लिहिणं एका आयुष्यात बसत होतं. तिने ते बसवून दाखवलं, तेही वयाच्या पंचेचाळिशीनंतर.

१९२१ पासून उन्हाळे पीटरबरोला, मॅकडॉवेल कॉलनीत. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेलच्या पत्नीने चालवलेली कलाकारांसाठीची ती जागा, झाडीत विखुरलेल्या खोल्या, दिवसभर कुणी त्रास द्यायचा नाही. तिच्या खोलीजवळ हर्मिट थ्रश नावाचा पक्षी गायचा. तिने त्याच्या ताना उतरवून घेतल्या आणि दोन पियानोरचना केल्या, एक संध्याकाळची, एक सकाळची. छापील प्रतीत पानाखाली टीप आहे: ही पक्ष्याची हाक जशीच्या तशी आहे, पट्टी तीच, फक्त एक सप्तक खाली. मला त्या टिपेतला तो ‘फक्त’ फार भावतो. पन्नाशी उलटलेली बाई, पक्षी आणि वही. फ्यूग कानाने उतरवण्याची जुनी मेहनत इथे कामाला आली. मेल्यावर आपल्या रचनांचं मानधन तिने याच कॉलनीच्या नावे ठेवलं.

१९२५ मध्ये अमेरिकन महिला संगीतकारांची संस्था निघाली, तिची पहिली अध्यक्ष एमीच. तोवर जमाना बदलला होता. तरुण मंडळींना तिचं संगीत गेल्या शतकातलं वाटायचं, आणि मृत्यूनंतर काही दशकं ती जवळपास कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हती. बॉस्टनमध्ये नदीकाठी हॅच शेल नावाचा खुला रंगमंच आहे, त्याच्यावर मोठ्या संगीतकारांची नावं कोरली आहेत. तिथे तिचं नाव २००० साली लागलं. त्या सगळ्या नावांत बाई ती एकटीच.

तर पुढच्या वेळी विचाराल तेव्हा माझं उत्तर हे: लिहिलं असतंच. कमी लिहिलं असतं का, कदाचित. वेगळं लिहिलं असतं का, नक्की, कारण कुणीतरी शिकवलं असतं. आणि एक मोठी पियानोवादक पंचवीस वर्षं लोकांना पुरती ऐकायला मिळाली नाही, तो हिशोब ‘बरंच झालं’ म्हणणारे धरतच नाहीत.

ऐकायचं असेल तर सिंफनीपासून सुरू करू नका, लांब पडते. ‘द इयर्स ॲट द स्प्रिंग’ हे गाणं घ्या, मिनिटभराचं आहे. मग कॉन्चर्टोचा तो दुसरा भाग. मुलं शिकत असतील तर तिच्या ‘चिल्ड्रन्स आल्बम’मधला मिनुएट किंवा पोल्का द्या, लहान हातांना जमतात. आणि एखाद्या रात्री सवड काढून १९०७ चा पियानो क्विंटेट, एफ शार्प मायनर. एमीला प्रत्येक पट्टीचा रंग दिसायचा: सी पांढरी, ए हिरवी, ई पिवळी. मायनर पट्ट्यांपैकी दोनच तिला काळ्या दिसत, त्यातली एक ही. ब्राह्म्सच्या क्विंटेटमधली एक चाल तिने यात उचलली आहे आणि पार आपली करून टाकली आहे. मधला संथ भाग मला तिच्या सगळ्या कामात सर्वांत वरचा वाटतो, सिंफनीपेक्षाही. यावर वाद घालायचा असेल तर जरूर या. चहा मीच ठेवते.